सेगवेवरची शहरफेरी

सेगवे : शेजारी-शेजारी दोन चाकं असलेलं, उभ्यानं चालवायचं विजेचं वाहन. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी ते २००१ साली लोकांपुढे आणलं. पुढे झुकलं की चालतं, मागे रेललं की थांबतं. तोल आतल्या जायरोस्कोपच्या मदतीनं सांभाळला जातो. युरोपातल्या काही शहरांत वाटाड्यामागे पर्यटकांची रांग सेगवेवरूनच निघते. मुंबई पोलिसांनी २०२० साली मरीन ड्राइव्हवर गस्तीसाठी याच धर्तीची वाहनं आणली. मूळ सेगवेचं उत्पादन मात्र त्याच वर्षी थांबलं. अशा वाहनाला सपाट, पक्का रस्ता लागतो. म्हणून लोणारचं विवर मात्र पायीच पाहावं. विवरात उतरणारी वाट दगडधोंड्यांची, झाडीतली. पाण्याकाठची जुनी देवळं आणि पायाखालचा काळा बेसॉल्ट सावकाश चालणाऱ्यालाच नीट दिसतो.