सुरक्षित रक्तपुरवठ्यासाठी आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्य

गरीब देशांतील रक्तपेढ्यांना मिळणारा परदेशी निधी. रक्तदाता रक्त विनामूल्य देतो. पण ते निर्धोकपणे रुग्णापर्यंत पोहोचवायला पैसा लागतो. एचआयव्ही, कावीळ ब व क आणि उपदंश यांच्या चाचण्या, रक्तपिशव्या, २ ते ६ अंश सेल्सिअस तापमान राखणारी शीतकपाटे, अखंड वीज, तंत्रज्ञांचे पगार हे सगळे खर्च कायमचे असतात.

जगातील सुमारे ४० टक्के रक्त श्रीमंत देशांत जमा होते. तिथे राहतात जेमतेम १६ टक्के लोक. ही विषमता बाळंतपणातल्या रक्तस्रावात जिवावर बेतते.

अमेरिकेच्या ‘पेपफार’ या एड्सविरोधी मदत योजनेने २००४ पासून आफ्रिका व कॅरिबियनमधील १४ देशांच्या रक्तसेवा उभारायला मदत केली. केनियात हे साहाय्य २०१९ मध्ये थांबले आणि रक्ताचा तीव्र तुटवडा पडला. यंत्रांसाठी देणगीदार मिळतात, दरमहाच्या चाचणी-संचांसाठी क्वचितच.