सूक्ष्म द्रवबिंदूंचे तापन व क्षयनिदान

सूक्ष्म द्रवबिंदूंचे तापन : केसासारख्या बारीक नलिकेत किंवा चकतीवरील लहानशा खाचेत ठेवलेला द्रवाचा अत्यल्प थेंब नियंत्रित रीतीने तापविण्याचे व थंड करण्याचे तंत्र. थेंबाचा व्यास निम्मा झाला की, घनफळाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ दुप्पट होते. त्यामुळे उष्णता त्यात लवकर शिरते आणि तितक्याच लवकर बाहेर पडते. या साध्या भौमितिक गोष्टीला मुंबईत जीवनमरणाचे महत्त्व आले ते क्षयरोगामुळे.

परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या चाळींत एकेका खोलीत अनेकजण राहत. अशा दाट वस्तीत क्षय झपाट्याने पसरतो. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीतील जंतू दिसतात. पण ते कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे कळत नाही. त्यासाठी जंतूंचे संवर्धन करावे लागते व त्यात कित्येक आठवडे जातात. तोवर रुग्ण निरुपयोगी औषध घेत राहतो आणि घरच्यांना संसर्ग होतो तो वेगळाच.

हा विलंब टाळण्याचा मार्ग १९८३ मध्ये केरी मुलिस यांनी कल्पिलेल्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेतून निघाला. तीत द्रव सु. ९५° से.पर्यंत तापवून डीएनएच्या दोन साखळ्या विलग करतात, मग तापमान उतरवून प्रत्येकीची जोडसाखळी तयार करवितात. हे चक्र ३०-४० वेळा करावे लागते. जुन्या यंत्रांत बराचसा वेळ धातूचा जड ठोकळा तापण्या-निवण्यातच जाई. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील कॉप, डी मेलो व मान्त्स यांनी १९९८ मध्ये निराळीच युक्ती योजिली : तापमान न बदलता, स्थिर तापमानाच्या तीन पट्ट्यांवरून द्रवच फिरविला. थेंब लहान केल्याने एक अडचण मात्र वाढते. तो पाहता पाहता वाळून जातो. म्हणून त्यावर तेलाचा थर देतात किंवा खाच बंद करतात.

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना रोध करणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले. हे वृत्त २०१२ च्या आरंभी गाजले. त्याला ‘संपूर्ण औषधरोधी’ म्हणावे की नाही, यावर शासनाने आक्षेप घेतला व जागतिक आरोग्य संघटनेनेही ती संज्ञा मान्य केली नाही. नावाचा हा वाद रुग्णाच्या दृष्टीने गौण होता. त्यानंतर मुंबईत बंद कुपीतील यांत्रिक चाचण्यांचा वापर वाढला. त्यांत जंतू व रिफँपिसीन-रोध ही दोन्ही दोन तासांच्या आत कळतात.

याच प्रकारची, पण विजेरीवर चालणारी ‘ट्रूनॅट’ ही चाचणी बंगळुरू येथील बिगटेक प्रयोगशाळेने विकसित केली व गोव्यातील मोलबायो कंपनीने बाजारात आणली. तीत केवळ ६ मायक्रोलिटर द्रव चकतीवर टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. एवढ्या थेंबात मुळात जंतूच न आल्यास यंत्र कितीही जलद असून उपयोग नसतो. त्यामुळे थुंकीतील डीएनए आधी वेगळ्या उपकरणात गोळा करून घेतात. रिफँपिसीन-रोधासाठी दुसरी चकती वापरावी लागते आणि इतर अनेक औषधांसाठी संवर्धनाची वाट पाहणे अद्याप चुकलेले नाही.