गावाचा थेंब झाला, त्याची गोष्ट

मराठी संकेतस्थळांविषयी बोलताना आपण लिहिणाऱ्यांची नावं घेतो. ते ज्या चौकटीत लिहीत होते, तिची गोष्ट मात्र राहूनच जाते.

बेल्जियममधल्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्यानं २००० साली मित्रांसाठी एक सूचनाफलक तयार केला. नाव ठरलं 'डॉर्प', म्हणजे डच भाषेत गाव. टंकताना झालं 'ड्रॉप'. मग थेंबाच्या डच शब्दावरून 'ड्रुपल' आलं आणि जानेवारी २००१ मध्ये ते सर्वांना खुलं झालं.

खुलं म्हणजे आतला कोड कुणीही वाचावा, बदलावा. म्हणून तर २००७ साली 'मिसळपाव' त्यावर उभं राहिलं, १९९६ पासूनची 'मायबोली'ही पुढे त्यावरच आली. इंग्रजी सूचनांसमोर मराठी सूचना लिहिता आल्या. ओंकार जोशींचं 'गमभन' जोडलं की रोमन कळांनी देवनागरी उमटू लागली.

नवशिक्यानं एक पथ्य पाळायचं. मूळ गाभ्याला हात लावायचा नाही, कारण नवी आवृत्ती आली की तिथले बदल पुसले जातात. आपली कारागिरी थीममध्ये आणि मॉड्यूलमध्ये वेगळी ठेवायची.

आम्हा धरमतरच्या खाडीकाठच्यांना हे चटकन कळतं. इथली खारजमीन बांधामुळे पिकते आणि बांधाला दरवर्षी माती लागते. फुकट मिळालेल्या ड्रुपलचंही तसंच. राखणारं कुणी उरलं नाही, अशी कितीतरी मराठी पानं लिहिलेल्या मजकुरासकट नाहीशी झाली.

लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, बांधावर जाणारे थोडे. म्हणून सत्तरीनंतरही हे शिकतो आहे.