पाऊल टाळाच्या हाती

करवीरनगरीत तालमीचे कौतुक नव्याने सांगायला नको. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले असता रोममधील प्राचीन प्रेक्षागृह पाहून आले आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तालमीच्या आतली रीत मात्र कमी सांगितली जाते. जोर किती, बैठका किती, दूध-तूप किती, हे पोराने ठरवायचे नाही, वस्ताद ठरवणार. मारुतीरायापुढे माथा टेकला की आपला हिशेब तिथेच ठेवायचा. अंग दुखते म्हणून थांबायचे नाही, आणि ईर्षा चढली म्हणून शंभर जास्त मारायचेही नाहीत. दुसरे अधिक अवघड.

पण हे सोपवणे फड जिंकण्यासाठी होते. कुस्ती सुटली की वस्तादांचा शब्द सुटायचा, खुराक तेवढा राहायचा. पुढे गुडघे धरून बसलेले जड देहाचे पैलवान आपण पेठापेठांत पाहिले आहेत.

देह सोपवण्याची आणखी एक रीत आपल्या घरची, शाहूकाळाच्याही आधीची. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला फौजेसारखी शिस्त लावली. रथापुढच्या आणि मागच्या दिंड्या, ठरलेले मुक्काम, चोपदार, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व. फौजेची सारी व्यवस्था आली, फक्त जिंकायचे काही ठेवले नाही. चाल टाळाची. विशीतल्या पोराला त्यात पुढे पळता येत नाही आणि सत्तरीच्या आजीला लाजेने छाती फुटेपर्यंत ओढावे लागत नाही. कुठे थांबायचे, कधी जेवायचे, याचा घोर कुणाच्याच डोक्यावर नसतो. म्हणूनच इतके वयस्क लोक आळंदीहून पंढरीपर्यंत पायी पोचतात, असे मला वाटते.

सोपवले म्हणून तोंड मिटले, असेही नाही. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिचे मात्र वाजत राहतात आणि ते ऐकून घेतले जाते. देहाचे गाऱ्हाणेही तसेच ऐकावे. माळ गळ्यात आहे म्हणून साखरेची गोळी चुकवणे ही भक्ती नव्हे, वारीत डॉक्टरही सोबत चालतात ते उगाच नाही.

हैबतबाबा स्वतः आळंदीच्या महाद्वाराची पहिली पायरी होऊन राहिले. वाट आखणारा आज सर्वांच्या पायाखाली आहे.

आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळच्या विठ्ठलाकडे दिंडी निघते. एरवी रंकाळ्यावर हातातल्या घड्याळात पावले मोजणारे, कमी भरली तर घरी येऊन अंगणात फेऱ्या घालणारे कितीतरी जण तिच्यात असतात. पुईखडीला रिंगण लागते, टाळ चढतो, पावसाने धोतरे भिजतात. किती पावले झाली, हे तिथे कुणी विचारत नाही.