कांडपाची आग

चैत्रात आमच्या घरी आजी मिरची खुडायला बसायची, तेव्हा आधी तळहातांना गोडेतेल चोळायची. मी एकदा तशीच बसले आणि रात्रभर हात पाण्यात बुडवून रडले. आग शमेना. तिखटाचं द्रव्य, कॅप्सेसिन, तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच.

मिरची मूळची इथली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती अमेरिकेतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे तिला पूर्वी गोवई मिरची म्हणत. ती इतकी आपली झाली, पण तिची आग नेमकी कुठे लागते हे कळायला १९९७ साल उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला वेदना ओळखणाऱ्या चेतापेशीच्या आवरणातलं दार सापडलं: टीआरपीव्ही१. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उष्णतेनं उघडतं, आणि कॅप्सेसिननंही तेच उघडतं. सोडियम-कॅल्शियमचे भारित कण आत घुसतात, विजेचा ठोका उठतो आणि बारीक, वेष्टण नसलेल्या तंतूंवरून सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगानं मज्जारज्जूपर्यंत जातो, तिथून मेंदूकडे. माझे हात भाजले नव्हते, निरोप मात्र भाजल्याचाच गेला होता. 'आग होते' हा आजीचा शब्द किती अचूक!

२०२१ साली ज्युलियस यांना नोबेल मिळालं, तेव्हा मला आमच्या मिरची कांडायच्या डंखावरच्या मावशी आठवल्या. सारखं कॅप्सेसिन लागलं की हेच तंतू बधिर होतात. मावशी उघड्या हातांनी तिखट चाळायच्या, दिवसभर.