मुंबईंतील नगरप्रवास : स्वतःचें यान कीं सर्वांचें वाहन ?

(१)

नोकरीधंद्यास जाणाऱ्या नगरवासी मनुष्यास रोज प्रातःकाळीं एक निवड करावी लागते. पदरीं वाहन असल्यास त्यांतून जावें, कीं भाडें देऊन सार्वजनिक वाहनांत दहा जणांबरोबर बसावें ? हा प्रश्न मोटारीबरोबर उत्पन्न झाला अशी सामान्य समजूत दिसते. वस्तुतः घोड्यांच्या काळींही तो होता, आणि त्याचें बीज त्याहूनही प्राचीन आहे. ही निवड आपण आपल्या सोयीनें व आवडीनें केली, असें प्रत्येकास वाटतें. परंतु वाटेंत अडविलेल्या जागेचें मोल नगर कोणाकडून घेतें व कोणास माफ करितें, यावर ती पुष्कळ अंशीं आधींच ठरून गेलेली असते, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उदाहरण मुंबईचें घेतलें आहे. माहीमच्या एकाच खाडीवर प्रथम होडी, पुढें टोल नसलेला बांध, आणि अखेर टोलाचा पूल अशा तीन अवस्था त्या शहरानें पाहिल्या असल्यामुळें हा विचार तेथें विशेष स्पष्ट होतो.

(२)

आरंभीं एक जुना हिशेब पाहूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नदी उतरण्याच्या नावेचे दर सांगितले आहेत (श्लोक ४०४). रिकाम्या गाडीस एक पण. मनुष्यानें वाहून नेलेल्या ओझ्यास अर्धा पण. पशु व स्त्री यांस पणाचा चतुर्थांश. आणि ज्याच्याजवळ ओझें नाहीं अशा पुरुषास त्या चतुर्थांशाचा निम्मा, म्हणजे पणाचा अष्टमांश. मालानें भरलेल्या गाडीचा विचार पुढील श्लोकांत निराळा केला आहे. तिचें भाडें मालाच्या मोलावर ठरावयाचें. दोन महिन्यांहून अधिक काळ गरोदर असलेली स्त्री व संन्यासी यांस भाडें माफ आहे (श्लोक ४०७). स्मृतींतील विधान म्हणजे प्रत्येक घाटावरील प्रत्यक्ष व्यवहाराचा दाखला नव्हे, हें खरें. तथापि त्यांतील गणित लक्षांत घेण्यासारखें आहे. रिकामी गाडी आठ रिकाम्या माणसांइतकें भाडें देते. नाव एकच, तिच्यावरील जागा मोजकी. तेव्हां जो अधिक जागा व्यापील त्यानें अधिक द्यावें, असा सरळ अर्थ त्यांतून निघतो.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत (श्लोक १३८) वाट कोणी कोणास द्यावी याचाही नियम आहे. चाकांच्या वाहनांत बसलेला, नव्वदीच्या पुढें गेलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला वर, अशी ती यादी आहे. राजा आणि स्नातक हे मानाचे धनी सोडले, तर यादींतील बहुतेक जण गरजेमुळें आलेले आहेत. जागेचें मोल व गरजेचा मान, हीं दोन सूत्रें येथून पुढें हातीं धरूं.

(३)

आपल्याकडे पेशवाईअखेरपर्यंत वाहनाचा प्रश्न निराळ्याच दृष्टीनें पाहिला जात असे. पालखी ही केवळ जाण्यायेण्याची सोय नव्हे. तो सरकारनें दिलेला मान होता. पालखीबरोबर तिच्या खर्चाची नेमणूक मिळे, आणि अबदागिरीप्रमाणेंच तीही दौलतींतील दर्जाची खूण समजली जाई. पेशवे दफ्तर चाळणाऱ्या वाचकांस अशा नेमणुकांच्या नोंदी अपरिचित नाहींत. ज्यास मान नाहीं त्यानें घोड्यावर, बैलगाडींतून किंवा पायीं जावें. अशा स्थितींत ‘स्वतःचें कीं सर्वांचें’ ही निवड संभवतच नव्हती. कारण सर्वांचें असें वाहन अस्तित्वांत नव्हतें, आणि स्वतःचें वाहन पदरीं असणें हें बहुधा राजाज्ञेवर अवलंबून असे.

इंग्रजी अमलाखालील मुंबईंत हा बंध सुटला. ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें बग्गी घ्यावी, शिग्राम ठेवावा. सरकारची सनद लागत नसे. मानाची जागा द्रव्यानें घेतली. परंतु वाहनास चिकटलेली प्रतिष्ठा मात्र गेली नाहीं. सार्वजनिक वाहन म्हणजे कमी दर्जाचें, ही जी भावना अद्यापि कोठें कोठें आढळते, तिचें मूळ येथपर्यंत मागें जातें असें मला वाटतें.

(४)

आतां माहीमच्या खाडीकडे वळूं. १८४५ पूर्वीं माहीमहून वांद्र्यास जावयाचें तर होडींतून खाडी ओलांडावी लागे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं दीड लाखांहून अधिक रुपये देऊन तेथें बांध बांधविला, आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घेऊं नये अशी अट सरकारास घातली. १८४५ मध्यें हा मार्ग सुरू झाला. या दानाचें थोरपण निर्विवाद आहे. पावसाळ्यांत जीव मुठींत धरून खाडी उतरणाऱ्या कोळ्यास, भाजीवालीस व कारकुनास त्यानें कोरड्या पायांची वाट दिली.

इतिहासाच्या दृष्टीनें एक गोष्ट मात्र नमूद करावी लागते. नावेवर गाडी व माणूस यांचें भाडें निराळें ठेवतां येई. बांधावर दोघेही सारखेच फुकट झाले. गाड्या थोड्या होत्या तोंवर यानें कांहीं बिघडलें नाहीं. रस्ता हा जणूं अमर्याद आहे, त्यावर कोणी किती जागा व्यापिली हें मोजण्याचें कारण नाहीं, ही कल्पना मात्र अशाच मार्गांनीं लोकांच्या मनांत रुजत गेली.

(५)

घोड्याच्या गाडीची निवड त्या काळीं आपोआप मर्यादित होती. घोडा ठेवणाऱ्यास तबेला, सईस, दाणावैरण, नालबंदी यांचा खर्च करावाच लागे. गाडी बाहेर पडो वा न पडो, घोड्याचा दाणा चुकत नसे. म्हणून एकदां घोडा बांधला कीं त्याचा मालक जवळच्या कामासही गाडी जुंपी. कारण खर्च तर झालेलाच असे. हा स्वभाव मोटारीच्या काळांतही तसाच राहिला आहे. मोटार घेतांना मोठी रक्कम एकदां देऊन टाकली, कीं पुढील प्रत्येक फेरी केवळ तेलाच्या दरानें मोजली जाते. मोटारीची किंमत, विमा, दुरुस्ती, उभें करण्याची जागा हीं हिशेबांतून गळतात. उलट सार्वजनिक वाहनांत बसणाऱ्यास प्रत्येक वेळीं खिशांत हात घालावा लागतो. दोघांच्या तुलनेंत अशी एक खोट प्रथमपासूनच आहे.

९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक व बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा, असे दोन मार्ग होते. कुलाबा ते पायधुणी भाडें तीन आणे होतें. तें लवकरच दोन आणे करण्यांत आलें. आरंभीं तिकिटें नव्हतीं. तीं मागाहून आलीं. तीन आणे हा दर हातावर पोट असणाऱ्यास भारीच होता, आणि ज्याचें त्यास परवडत नसे तो पायीं जाई. दर उतरविण्यांत कंपनीनें याच पायीं जाणाऱ्यास बोलावलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली, आणि १९२० मध्यें दुमजली ट्राम धांवूं लागली.

लोहमार्गानें हाच पालट अधिक दूरवर नेला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें गाडी धांवली, हें सर्वश्रुत आहे. १८६७ मध्यें विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी आली. आणि १९२८ मध्यें चर्चगेट ते बोरिवली मार्गावर वीज पोहोंचली. घर एका टोकास व कचेरी दुसऱ्या टोकास, असा मुंबईकराचा दिनक्रम या रुळांवरच घडला.

येथें मासिक पासाचें महत्त्व ध्यानांत घ्यावें. पास काढणारा मनुष्य महिन्याच्या आरंभीं एकदां पैसे देतो. पुढें प्रत्येक फेरी त्यास फुकटच वाटते. घोडा बांधणाऱ्याची जी मनःस्थिति वर वर्णिली, तीच पासानें सार्वजनिक वाहनाच्या बाजूस आणिली. आगगाडी त्याची स्वतःची नव्हती. पण पास खिशांत असेतों ती आपलीच आहे असें त्यास वाटे. मुंबईचा नोकरदारवर्ग पिढ्यान्‌पिढ्या गाडीस धरून राहिला, याचें एक कारण हा पास होय.

(६)

१५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मोटारबस सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं ट्राम, बस व वीजपुरवठा हीं महानगरपालिकेच्या ताब्यांत आलीं. पुढें ट्राम मंद आहे, ती रूळ सोडून बाजूस होऊं शकत नाहीं, तिच्यामुळें वाहतूक अडते, असे आक्षेप वाढले. आणि ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धांवून नव्वद वर्षांचा तो अध्याय संपला.

या आक्षेपाची परीक्षा मनुस्मृतींतील गणितानें करून पाहावी. एका बसच्या लांबींत सुमारें तीन मोटारी उभ्या राहतात. बसमध्यें चाळीसांहून अधिक माणसें बसतात. तीन मोटारी पूर्ण भरल्या तरी बारापंधराच, आणि कचेरीच्या वेळीं त्यांत बहुधा एकेक दोनदोनच असतात. रस्ता अडविण्याचा दोष माणसामागें किती जागा यावर मोजला, तर ट्राम व बस यांच्याहून मोटारीचाच अधिक निघेल. तो आक्षेप मात्र चाकामागें मोजला गेला, आणि निकाल उलटा लागला.

माहीमच्या खाडीची तिसरी अवस्था ३० जून २००९ रोजीं आली. वांद्रे-वरळी सागरी सेतु त्या दिवशीं खुला झाला. लेडी अवाबाईंच्या बांधापासून फार दूर नसलेल्या या सेतूवर वाहनांकडून टोल घेतला जातो. आणि दुचाकी, तीनचाकी व पादचारी यांस तेथें मज्जावच आहे. १८४५ चा मार्ग पायीं जाणाऱ्यास प्रथम उपकारक झाला. २००९ चा मार्ग त्याच्याकरितां नाहींच. पुढें १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांस टोल माफ झाला. मोटारीस शहरांत शिरतांना कांहीं द्यावें लागत नाहीं. त्याच वेळीं शेजारच्या रुळांवरून दाटीवाटीनें येणारा मनुष्य तिकीट अगर पास काढूनच येतो. नावेच्या घाटावरील दर येथें अगदीं उलटे झाले आहेत.

(७)

मोल बदललें कीं निवड बदलते, याचा अलीकडील दाखला शहराच्या बससेवेंतच आहे. ९ जुलै २०१९ पासून बसचें किमान भाडें आठ रुपयांवरून पांच रुपयांवर आणिलें गेलें, आणि प्रवाशांची संख्या लक्षणीय वाढली. ९ मे २०२५ पासून तेंच भाडें दहा रुपये झालें. योगायोग असा, कीं याच तारखेस एकशें एक्कावन्न वर्षांपूर्वीं पहिली ट्राम सुटली होती. तेव्हां दर उतरवून पायीं जाणाऱ्यास वाहनांत घेतलें गेलें. आतां दर चढले असतां तो पुनः पायीं तरी जाईल, अगर उसनेपासने करून दुचाकी तरी घेईल.

उलट बाजूचा, म्हणजे स्वतःच्या वाहनाकडून मोल घेण्याचा दाखला सिंगापूर या दुसऱ्या बंदराच्या शहरांत सांपडतो. जून १९७५ पासून तेथें सकाळच्या वेळीं मध्यवस्तींत शिरणाऱ्या मोटारीस तीन डॉलरांचा परवाना घ्यावा लागूं लागला. मात्र चार किंवा अधिक माणसें बसलेल्या मोटारीस आरंभीं माफी होती. रिकाम्या जागेचें मोल घ्यावयाचें व भरलेली गाडी सोडावयाची, हें तत्त्व घाटावरील हिशेबाच्या किती जवळ आहे, हें निराळें सांगावयास नको.

याचा अर्थ स्वतःचें वाहन ठेवणारा प्रत्येक जण दोषी आहे, असा कोणीं करूं नये. अपरात्रीं कामावरून परतणारी स्त्री, गुडघे धरलेला वृद्ध, रुग्णास घेऊन निघालेला गृहस्थ, ओझें वाहणारा, ज्याच्या घरापाशीं बस येतच नाहीं असा उपनगरवासी, यांस वाहन हेंच पाय आहेत. वाट देण्याच्या त्या जुन्या यादींत यांतील बहुतेक आहेतच. प्रश्न आहे तो धडधाकट मनुष्याचा, जो एकटा चार जणांची जागा घेऊन निघतो व जागेचें मोल कोणी मागत नाहीं म्हणून तसेंच चालू ठेवतो. त्यास उपदेश करून फारसें साधत नाहीं. दर बदलला तर तो आपोआप बदलतो, एवढें वरील इतिहासावरून म्हणतां येतें.

(८)

अखेरीस संग्राहक मंडळींस एक विनंति. वर दिलेल्या तारखा व दर हे कंपनीच्या व सरकारच्या बाजूचे आहेत. किती माणसें बसलीं हें त्यांवरून कळेल. एखाद्या कुटुंबानें घोडा कां विकला, अगर पास कां काढला, हें त्यांत कधींच सांपडणार नाहीं. तें घरच्या जमाखर्चाच्या वह्यांतच असणार. ज्या वहींत एका महिन्यास दाणावैरणीची रक्कम आहे व पुढील महिन्यास तीच जाऊन ट्रामभाड्याची आली आहे, ती वही या विषयांत सनदेइतकी मोलाची समजली पाहिजे. तिच्याबरोबर जुनीं ट्रामचीं तिकिटें, आगगाडीचे पास, सईसाच्या पगाराच्या पावत्या यांसही हेंच लागू आहे.

आपण पालखीच्या नेमणुकीचा कागद जिवापाड जपतों, तें योग्यच आहे. परंतु पालखी थोडक्यांच्या नशिबीं होती. बाकीचे कसे गेले, त्यांस काय परवडलें, हें सांगणाऱ्या वह्या आज घरें बदलतांना व जुने वाडे पाडतांना रद्दींत जात आहेत. त्या गेल्या, कीं लक्षावधि माणसांच्या रोजच्या वाटेचा पुरावाच नष्ट झाला. मग त्यांच्या निवडीविषयीं जो तो आपल्या तर्काप्रमाणें लिहील. तरी ज्यांच्या घरीं असल्या वह्या असतील त्यांनीं त्या निरुपयोगी न समजतां, त्यांतील वाहनखर्चाच्या नोंदींची तारीखवार नक्कल करून ठेवावी, आणि मूळ वही जवळच्या संशोधनसंस्थेच्या स्वाधीन करावी.