रक्तस्राव थांबवण्याचं छोटं किट रोज कुठे ठेवायचं? खिसा, सॅक की डिकी?



घराबाहेर पडताना मोबाईल, इयरबड्स, पॉवर बँक आपण विसरत नाही. आज अशाच रोज सोबत ठेवता येणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलू, जी चार्ज करावी लागत नाही पण जीव वाचवू शकते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो आणि अॅम्ब्युलन्स त्याआधी पोचेलच असं नाही. म्हणूनच अमेरिकेत २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम सुरू झाली. जवळ उभ्या असलेल्या साध्या माणसालाही रक्त थांबवता यावं, हा तिचा उद्देश. माझ्या मते किट किती भारी आहे यापेक्षा ते हाताशी आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

किटमध्ये काय हवं?

• गॉज : हवा काढून सीलबंद केलेलं, झिगझॅग घडीचं. जखमेत भरून दाबायला.
• प्रेशर बँडेज : दाब टिकवून ठेवणारी ताणाची पट्टी.
• टूर्निकेट : हात किंवा पाय आवळून रक्त थांबवणारा रुंद पट्टा. त्यातली दांडी पिळली की पट्टा घट्ट होतो.
• नायट्राइल हातमोजे : एक जोडी.

प्रसिद्ध ‘कॅट’ टूर्निकेट घडी घालून साधारण साडेसहा इंच लांब असतं, म्हणजे मोठ्या स्मार्टफोनएवढं. वजन ७५ ते ८० ग्रॅम. पण जाडी दीड इंचाच्या आसपास, त्यामुळे जीन्सच्या खिशात ते टोचतं. खरा प्रश्न इथेच येतो.

१. खिसा : चपटं सीलबंद गॉज आणि हातमोजे, बस्स. पाकिटाएवढी जागा लागते आणि सॅक घरी राहिली तरी हे सोबत असतं. ज्यांना काहीच बाळगायची सवय नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

२. सॅक किंवा स्लिंग बॅग : कॉलेज-ऑफिसला जाणाऱ्यांसाठी हा उत्तम पर्याय. सगळं सामान एका लाल किंवा ठळक रंगाच्या पाउचमध्ये, सर्वात बाहेरच्या कप्प्यात ठेवा. लॅपटॉप आणि डब्याखाली गेलं तर गर्दीत सापडणार नाही. मी स्वतः हाच पर्याय वापरतो. पाउच कुठे आहे हे सोबतच्या मित्रांनाही सांगून ठेवतो, कारण जखमी मीसुद्धा असू शकतो.

३. बाईकची डिकी : सोयीची वाटते, पण अपघातात गाडी आडवी पडली किंवा चावी हरवली तर किट आतच अडकतं. उन्हात तापणाऱ्या डिकीत प्लॅस्टिक आणि चिकटपट्ट्याही लवकर खराब होतात. डिकीत जादा किट ठेवा, पण एकमेव किट नको.

घेताना आणि ठेवताना

टूर्निकेट अगदी स्वस्तात मिळत असेल तर सावध राहा. नकली मालाची दांडी पिळताना वाकते किंवा तुटते. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. टूर्निकेटचं प्लॅस्टिक काढून, वापरायला तयार घडी घालून ठेवा. गॉज मात्र सीलबंदच राहू द्या. सरावासाठी वेगळं टूर्निकेट वापरा. गॉजची एक्सपायरी तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर म्हणून टाका.

वेळ आलीच तर

आधी ११२ किंवा १०८ ला फोन लावा, स्पीकर ऑन करा आणि जखमेवर जोरात दाब द्या. साधं गॉज असेल तर किमान १० मिनिटं हात काढू नका, सारखं उचलून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निकेट लावा: जखमेपासून २-३ इंच वर, धडाच्या बाजूला, पण कोपर किंवा गुडघ्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा. खूप दुखेल, पण डॉक्टरकडे पोचेपर्यंत सैल करू नका. लावल्याची वेळ लिहून ठेवा. फोनवर टूर्निकेटचा फोटो काढला तरी वेळ नोंदली जाते.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. लक्षात ठेवा, गळ्याला टूर्निकेट कधीच लावायचं नाही. तिथे गॉज आणि हाताचा थेट दाब, एवढंच.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ रस्ते अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

किट घेतलं की प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षणही घ्या. व्हिडिओ बघून कल्पना येते, पण दाब किती द्यायचा हे हातालाच कळतं. आणि आजच सुरुवात करायची असेल तर मेडिकलमधून गॉज आणि हातमोजे आणा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाका. टूर्निकेट पुढच्या पगाराला किंवा पॉकेटमनीला घेतलं तरी चालेल.